गुरुवारपर्यंत ‘टर्न अराउंड’ करा म्हणजे नक्की काय फिरवा?

पत्र पिंपरी-चिंचवडहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या. कराडजवळच्या एका गावात मराठी शाळेत शिकल्या, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा ट्रेड केला आणि गेली अकरा वर्षं एका लहान कारखान्यात जिग-फिक्श्चरची (यंत्रावर काम करताना जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनांची) ड्रॉइंग्ज काढतात. वडील टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे तुकडे फिरवून घडवायचे; आता रिटायर झाले आहेत. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने १४ ड्रॉइंग्जवर लाल शेरे मारून ती परत पाठवली. सोबतच्या मेलमध्ये एवढंच होतं: ‘कुड यू टर्न दीज अराउंड बाय थर्सडे?’ बाईंनी लाल शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त्या अर्ध्या दिवसात आटोपल्या. मग ‘टर्न अराउंड’चा अर्थ त्यांनी असा लावला की गिऱ्हाइकाला सगळी ड्रॉइंग्ज फर्स्ट अँगलच्या मांडणीतून थर्ड अँगलच्या मांडणीत फिरवून हवी आहेत. टू-डी ड्रॉइंग्ज होती, एकेक व्ह्यू उचलून हलवायचा, मापं पुन्हा टाकायची. बुधवारी दुपारीच त्यांच्या लक्षात आलं की हे गुरुवारपर्यंत होत नाही, तरी त्या बोलल्या नाहीत. काम शनिवारी संपलं. शुक्रवारी गिऱ्हाइकाचा ‘काय झालं?’ म्हणून मेल आला, तो थेट साहेबांना. त्याला फक्त दुरुस्त ड्रॉइंग्ज परत हवी होती.

साहेब फारसं बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावरचा तरुण इंजिनिअर मात्र तेव्हापासून रोज खुर्ची गर्रकन फिरवून ‘ताई, टर्न अराउंड!’ म्हणतो. परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार दिवाळीनंतर बाईंनीच सांभाळावा, असं साहेबांनी आधी सुचवलं होतं. आता त्यांना नाही म्हणावंसं वाटतं. तिसरीतल्या मुलाला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालावं असंही डोक्यात आहे, ‘म्हणजे त्याच्यावर ही वेळ येणार नाही.’ पाचशे ‘फ्रेजल व्हर्ब्ज’ची (‘टर्न अराउंड’सारख्या जोडक्रियापदांची) यादी मिळवून पाठ करायला घेतली होती. ‘टर्न’पाशी आल्यावर एका शब्दाची डझनभर रूपं बघून सोडून दिली. ‘माझं काय चुकलं आणि आता काय करू?’ एवढंच त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना थर्ड अँगलपाशी मी थांबले आणि तुम्हाला मनातल्या मनात दाद दिली. चेष्टा करत नाही. तुमच्या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: एखादी वस्तू कागदावर तीन बाजूंनी दाखवायची तर कुठली बाजू कुठे काढायची याच्या दोन रीती आहेत. आपल्याकडच्या फर्स्ट अँगलमध्ये वस्तू वरून जशी दिसते ते चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. अमेरिकेत चालणाऱ्या थर्ड अँगलमध्ये तेच वर काढतात. डाव्या-उजव्या बाजूंचंही तसंच उलटं. गिऱ्हाईक अमेरिकेचं, ड्रॉइंग आपल्या रीतीचं आणि मेलमध्ये ‘फिरवा’. यातून तुम्ही जो अर्थ काढला तो काढायला अकरा वर्षांचा अनुभव लागतो. त्या खुर्ची फिरवणाऱ्या मुलाला तो सुचलाही नसता.

अर्थ चुकीचा होता, हे खरंच. पण तो का चुकला याचं तुम्ही जे कारण धरून बसला आहात (मराठी माध्यम, गाव, आयटीआय) ते मला पटलेलं नाही. त्यासाठी जरा घरच्याच भाषेत डोकावू.

तुमच्या कंपनीत समजा एखादा गोरा माणूस मराठी शिकायला आला. त्याला ‘अंग’ म्हणजे शरीर हे ठाऊक आहे, ‘येणे’ही ठाऊक आहे. आता त्याच्या कानावर तीन वाक्यं पडतात. ‘काल देवळात तिच्या अंगात आलं.’ ‘मी नुसतं विचारलं तर तो अंगावर आला.’ ‘शहाणपणा केला आणि तो अंगाशी आला.’ शब्द तेच दोन, मध्ये ‘त’, ‘वर’ आणि ‘शी’ एवढाच फरक. एकात देवी आली, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्यात निस्तरणं. पुढे कोणीतरी म्हणतं, ‘ताप अंगावर काढला.’ त्याने चित्र काढलेलं डोळ्यांपुढे आणलं तर त्याचा काय दोष? आणि तुम्ही एखादं काम ‘हातावेगळं’ केलंत असं सांगितलंत, तर तो तुमचे दोन्ही हात जागेवर आहेत ना, हे बघेल.

आपण हे कधी शिकलो? कुठल्याच इयत्तेत नाही. ‘अंगावर काढणे’ हा आपल्यासाठी एक अख्खा शब्द आहे, त्यातला ‘काढणे’ सुटा करून आपण बघत नाही. इंग्रजीतलं ‘टर्न अराउंड’ही तसंच अख्खं आहे. फरक इतकाच की ते तुम्हाला शाळेत तुकडे करून शिकवलं. टर्न म्हणजे वळणे, अराउंड म्हणजे भोवती, झालं भाषांतर. ही शिकवण्याची खोट आहे आणि ती इंग्रजी शाळांतही आहे.

माझीच एक गंमत सांगते. भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागले होते, तेव्हा एका गोष्टीत वाक्य होतं, ‘ही टर्न्ड इन अ‍ॅट टेन.’ मी बिनदिक्कत लिहिलं, ‘तो दहा वाजता आत वळला.’ संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने विचारलं होतं, ‘कुठून वळला? मागच्या पानापासून घरातच बसलाय ना?’ तो बिचारा झोपायला गेला होता. हेच ‘टर्न इन’ तुमच्या कारखान्यात कोणी लॅपटॉपबद्दल वापरलं तर जमा करणं आणि पोलिसांच्या संदर्भात आलं तर स्वतःहून हजर होणं किंवा एखाद्याला पोलिसांच्या हवाली करणं. मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं होतं, हेही सांगून टाकते.

आता तुमचा ‘टर्न’. या शब्दाशी तुमचं जे नातं आहे ते तुमच्या गिऱ्हाइकाचंही नसेल. त्याचं मूळ शोधत गेलं की लॅटिनमधल्या ‘तोर्नारे’ या क्रियापदाशी पोचतो. त्याचा अर्थ लेथवर फिरवून घडवणं. त्याच्याही मागे ग्रीकमधला ‘तोर्नोस’, म्हणजे लेथच. वडिलांना विचारा, लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, जॉब पकडून टूल लावायचं त्या कामाला ते आयुष्यभर काय म्हणत आले? टर्निंग. इंग्रजीतलं ‘वळणं’ वगैरे सगळं त्या फिरत्या जॉबवरून पुढे पसरलं.

त्याला ‘अराउंड’ जोडलं की फेरी पुरी होते. आपली एसटी कराडला जाऊन स्वारगेटला परत लागली की एक फेरी धरतात, तसं. काम गिऱ्हाइकाकडून निघालं, तुमच्या टेबलावर आलं, त्यावर जे करायचं ते झालं आणि पुन्हा त्याच्या हातात गेलं. ही सगळी फेरी म्हणजे ‘टर्न अराउंड’. मराठीत याला चपखल शब्दप्रयोग हवा असेल तर ‘हातावेगळं करून परत पाठवणं’. गिऱ्हाइकाने तुम्हाला विचारलं होतं ते एवढंच: ‘गुरुवारपर्यंत एवढं हातावेगळं करून पाठवाल का?’

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त दिल्यापासून रिपोर्ट मिळेपर्यंतचा वेळ, विमान उतरल्यापासून माणसं, सामान, साफसफाई, इंधन सगळं होऊन पुन्हा उडेपर्यंतचा वेळ, हे सगळं ‘टर्नअराउंड टाइम’च. ऑफिसांत त्याचं ‘टीएटी’ झालं आहे. पण याच शब्दाचा दुसरा मोठा अर्थ आहे तो बुडत्या धंद्याबद्दलचा. तोट्यातली कंपनी नफ्यात आणली, डबघाईला आलेला कारखाना सावरला, तर तेही ‘टर्न अराउंड’. इथे काही परत पाठवायचं नसतं, दिशा पालटायची असते.

हे दोन्ही अर्थ एकाच गोष्टीत बघायचे तर आपल्या रेल्वेकडे बघा. २००४ ते २००९ लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री होते. त्या काळात रेल्वेच्या ‘टर्नअराउंड’ची इतकी चर्चा झाली की अहमदाबादच्या आयआयएमने त्याचा अभ्यास केला. कारणं काय सांगितली गेली? एक, वॅगनमध्ये पूर्वीपेक्षा जास्त माल भरायला दिलेली परवानगी. दुसरं, वॅगन भरली, पोचली, रिकामी झाली आणि पुन्हा भरायला आली, या फेऱ्याला लागणारे दिवस कमी करणं. म्हणजे वॅगनचं टर्नअराउंड आटोपशीर केलं म्हणून रेल्वेचं टर्नअराउंड झालं! (नफ्याच्या आकड्यांवर पुढे वाद झाला आणि डिसेंबर २००९ मध्ये श्वेतपत्रिकाही निघाली, तो विषय वेगळा.) एकाच वाक्यात शब्द दोनदा आला, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण एकदा तो वॅगनच्या सोबत आलाय आणि एकदा संस्थेच्या.

सगळी मेख या सोबतीत आहे. ‘टर्न अराउंड’ दिसलं की त्याच्याकडे बघतच बसू नका, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. शेजारी ड्रॉइंग, ऑर्डर, सॅम्पल, रिपोर्ट असं काही असेल आणि पुढेमागे ‘बाय थर्सडे’ किंवा ‘इन टू डेज’ अशी मुदत असेल, तर काम उरकून परत पाठवायचं आहे. शेजारी कंपनी, धंदा, टीम असेल तर सावरणं. कोणीच नसेल, नुसता माणूस किंवा गाडी असेल, तर खरोखरचं मागे वळणं. तुमच्या मेलमध्ये ‘बाय थर्सडे’ हे सगळ्यात मोठं निशाण होतं. ज्याला रीत बदलून हवी आहे तो कुठल्या रीतीत हवी ते सांगतो. ज्याला काम लवकर हवं आहे तो वार सांगतो.

चौथा एक प्रकार बोलण्यात येतो. ‘आय हेल्प्ड हिम अँड ही टर्न्ड अराउंड अँड सेड…’ इथे कोणी वळलेलं नसतं, सगळे समोरासमोरच बसलेले असतात. आपण म्हणतो ना, ‘एवढं केलं आणि वर मलाच म्हणतो’ किंवा ‘उलटून बोलला’, तसं. बघा, उलटून बोलणारा तरी कुठे उलटतो? ब्रिटिश माणूस यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘टर्न राउंड’ म्हणतो, तेवढ्याने बिचकू नका.

आणि दोन बारकावे, कारण पुढे मेल तुम्हीच लिहिणार आहात असं मी धरून चालले आहे. ‘दीज’, ‘देम’, ‘इट’ असा छोटा शब्द असेल तर तो मध्येच घालायचा: ‘टर्न देम अराउंड’. ‘टर्न अराउंड देम’ लिहिलंत तर वाचणारा अडखळेल, आधी त्यांच्याभोवती वळायचं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे येईल. ‘ड्रॉइंग्ज’ असा पुरता शब्द असेल तर मध्येही चालतो आणि शेवटीही. दुसरं, क्रियापद म्हणून लिहिताना दोन शब्द सुटे ठेवायचे. ‘आमचं टर्नअराउंड तीन दिवसांचं आहे’ असं नाम म्हणून वापरताना जोडून लिहायचं. हे इंग्रजी माध्यमवालेही सर्रास चुकवतात.

आता तुम्ही विचारलंत की चुकलं काय. शब्दाच्या चुकीची किंमत मी फार धरत नाही. तुमच्याच पत्रातली जी ओळ मी तीनदा वाचली ती ही: ‘बुधवारी दुपारीच लक्षात आलं होतं की हे उद्यापर्यंत होत नाही, पण विचारलं तर इंग्रजी येत नाही हे कळलं असतं.’ ताई, इथे चुकलं. अर्ध्या दिवसाच्या कामाला गिऱ्हाईक गुरुवारची मुदत देतो आणि तुमच्या हिशोबाने ते शनिवारवर जातं, तेव्हाच आपण काहीतरी भलतंच करतोय अशी पाल चुकचुकली असणार. तेव्हा एक ओळ लिहिली असती तर हे पत्र मला आलंच नसतं. आणि ती ओळ लिहायला ‘टर्न अराउंड’चा अर्थ माहीत असण्याची गरजच नव्हती.

कुठली ओळ, ते सांगते. त्याआधी एक गंभीर गोष्ट. तुमच्या ड्रॉइंगची आणि तिची तुलना नाही, पण रीत तिथूनही शिकता येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं, रेडिओवर आवाज एकमेकांत मिसळले, कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की डच विमानातून ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ असं काहीसं बोललं गेलं. टॉवरला वाटलं विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. ते खरं तर धावायला लागलं होतं. यानंतर नियम आले की ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना-घेताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि महत्त्वाची सूचना वैमानिकाने टॉवरला परत म्हणून दाखवायची, यावर जास्त जोर आला. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी तर ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची मोजक्या शब्दांची वेगळी इंग्रजी आहे. तिच्यात शब्दाला शक्यतो एकच अर्थ ठेवतात आणि असली जोडक्रियापदं टाळतात. म्हणजे ज्यांच्या कामात चुकून चालत नाही त्यांनी मान्यच केलं आहे की ही जोडक्रियापदं घोटाळ्याची आहेत. तुमच्या गिऱ्हाइकानेही परक्या देशात मेल लिहिताना साधं ‘सेंड बॅक’ लिहायला हरकत नव्हती. थोडी चूक त्याच्याही पदरात टाका.

तर ती ओळ. काम हातात घेतल्यावर, सुरू करण्याआधी, तुम्हाला जे समजलं ते तुमच्या साध्या शब्दांत परत लिहून पाठवायचं. त्याचा शब्द वापरायचा नाही. ‘वुई विल सेंड १४ करेक्टेड ड्रॉइंग्ज बाय थर्सडे, युवर टाइम. प्रोजेक्शन: थर्ड अँगल.’ एवढंच. गिऱ्हाईक अर्ध्या मिनिटात म्हणाला असता, ‘नको, आहेत तशीच पाठवा.’ यात ‘मला समजलं नाही’ असं कुठेच येत नाही. उलट समोरच्याला वाटतं, बाई काटेकोर आहे. ‘युवर टाइम’ विसरू नका, कारण त्यांचा गुरुवार संपतो तेव्हा आपला शुक्रवार उजाडलेला असतो, आणि हा घोळ शब्दांच्या घोळापेक्षा जास्त वेळा होतो.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, मग ते कॉल सेंटरला असोत, नर्स म्हणून परदेशी जाणार असोत, नाहीतर गोव्याच्या हॉटेलात नुकते लागलेले असोत. (हॉटेलवाल्यांना ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणं आणि एसी किंवा आवाज कमी करणं हे माहीत असतं. संध्याकाळी खोलीत जाऊन पलंगावरची चादर दुमडून ठेवणं यालाही ‘टर्न डाउन’च म्हणतात, हे पहिल्या आठवड्यात कळतं.) पाचशेची यादी फाडून टाका. यादीत शब्दाला सोबत नसते, म्हणून तो डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा आपल्याच कामाच्या मेलमध्ये शोधायच्या खिडकीत ‘टर्न’ टाका. अकरा वर्षांच्या पत्रव्यवहारात पाचपंचवीस वाक्यं सहज निघतील. त्यातलं एकेक अख्खं वाक्य वहीत उतरवा आणि समोर ‘वळणे-फिरणे’ न लिहिता, आपल्या ऑफिसात आपण ते मराठीत कसं म्हटलं असतं ते लिहा. ‘टर्न्ड आउट फाइन’: शेवटी बरं झालं. ‘डिडन्ट टर्न अप’: उगवलाच नाही. ‘टर्न ओव्हर द जॉब’: जॉब उलटा कर. आठवड्याला तीन झाली तरी खूप. अडलं तर इंग्रजी-मराठी शब्दकोशाआधी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश बघा. दोन्ही नेटवर फुकट आहेत, त्यांत अशी जोडक्रियापदं स्वतंत्र दिलेली असतात आणि प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य असतं. ‘तीस दिवसांत इंग्रजी’वाल्यांना पैसे देऊ नका, एवढा सल्ला मात्र मी ठासून देते.

पत्रव्यवहाराचं काम घ्यावं की नाही? नाही म्हणायची रास्त कारणं असू शकतात. ड्रॉइंगचं काम तेवढंच राहणार, पगार तोच आणि वर हे ओझं, असं असेल तर जरूर नाही म्हणा, पण ते कारण सांगून म्हणा. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल आणि घरी मूल लहान असेल, तेही कारण आहे. इंग्रजी हे कारण मला लंगडं वाटतं. त्या मेलवर तुमच्याऐवजी खुर्चीवाला मुलगा बसला, तर ‘टर्न अराउंड’ त्याला कळेल. पण उद्या गिऱ्हाइकाने एखादं माप असं मागितलं की फिक्श्चरमध्ये जॉबच बसणार नाही, तर ते त्याच्या लक्षात येईल का? साहेबांनी तुम्हाला विचारलं ते बहुधा यासाठीच, आणि शुक्रवारच्या मेलनंतरही त्यांनी ते मागे घेतलेलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलंय. त्यांना सांगा, पहिले दोन महिने परदेशी जाणारा प्रत्येक मेल पाठवण्याआधी तुम्ही एकदा बघा. पगाराचं बोलणंही त्याच बैठकीत करा, नंतरवर टाकू नका.

मुलाच्या शाळेबद्दल मी जपून बोलते, कारण तुमची शाळा मी पाहिलेली नाही. शाळा मुळातच वाईट असेल, शिक्षक येत नसतील, मूल कंटाळत असेल, तर बदला, माध्यम कुठलंही असो. पण एका मेलचा वचपा म्हणून बदलू नका. तुम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवलीत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुमच्या मुलाने तुमच्यापेक्षा चार वर्षं आधी सुरुवात केली आहे. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकायचं तर सेमीचा रस्ता मोकळा आहे. आणि ‘टर्न अराउंड’सारखं काही इंग्रजी शाळेच्या पुस्तकातूनही येत नाही. ते वाचून, ऐकून आणि एखाद्या गुरुवारी तोंडावर आपटून येतं. आजोबा घरी असतील तर रविवारी नातवाला एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन लेथ दाखवायला सांगा. टर्निंग कशाला म्हणतात ते तो जन्मात विसरणार नाही, आणि आजोबांचाही दिवस बरा जाईल.

खुर्चीवाल्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात त्याच्यावर दीड पान आहे. साहेबांकडे तक्रार नेऊ नका, एवढ्यासाठी नाही. पुढच्या वेळी त्याने खुर्ची फिरवली की शांतपणे विचारा, ‘बरं झालं आलास, जरा मदत कर. ताप अंगावर काढला, याचं इंग्रजी काय रे होईल? शब्दाला शब्द पाहिजे हं.’ दोनदा विचारलंत की खुर्ची थांबेल. नाही थांबली तर तो विनोद राहिला नाही, मग त्याला बाजूला घेऊन सरळ सांगा की मला हे आवडत नाही.

आणि हो, थर्ड अँगलमधली ती १४ ड्रॉइंग्ज डिलीट केली नाहीत ना? वेगळं फोल्डर करून ठेवा. गिऱ्हाईक अमेरिकेचं आहे, आज ना उद्या मागणारच. तेव्हा तुमचं टर्नअराउंड दहा मिनिटांचं असेल.